साखरखेर्ड्याकडची तीन कार्डं

देवीदासचा पाय गुडघ्याखालून काढावा लागणार, हा निरोप आला तेव्हा मी ड्रेसिंग रूममध्ये दुसऱ्याच एका पेशंटच्या टाचेवरचा घट्टा तासत होते. डॉक्टर साळवे दारात आले. म्हणाले, "विमलताई, मोठ्या हॉस्पिटलमधून फोन होता. हाड सडलंय. उद्या सकाळी ऑपरेशनला घेतात."

मी "बरं" म्हटलं आणि ब्लेड चालवत राहिले. टाच संपवली, तेल लावलं, कार्डावर नोंद केली, पुढच्या पेशंटला हाक मारली. दुपारी डबा उघडला तेव्हा लक्षात आलं, की मला काहीच वाटलं नव्हतं. ज्या पायाचं ड्रेसिंग मी अकरा वर्षं केलं, तो पाय उद्या जाणार होता आणि माझा हातसुद्धा थांबला नव्हता. पाय जाण्यापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली.

मी नर्स नाही. फिजिओथेरपी टेक्निशियन. खामगावच्या बाजूला एका लहानशा मिशन दवाखान्यात मी सगळी नोकरी केली आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. पेशंट मला सिस्टरच म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्त करायचे, नंतर सोडून दिलं. माझं काम कुष्ठरोगाच्या पेशंटांचे हातपाय सांभाळण्याचं. ही गोष्ट निवृत्तीच्या पाच-सहा वर्षं आधीची. यातली नावं बदलली आहेत, कारण पेशंटची ओळख बाहेर सांगायची नसते.

लोकांना वाटतं, या रोगाने बोटं झडतात. तसं नसतं. रोगाचे जंतू नसांवर बसतात. गोळ्यांचा कोर्स पूर्ण केला की जंतू मरतात, माणूस बरा होतो, त्याच्यापासून कोणाला काही होत नाही. पण मेलेली नस परत येत नाही. तळपाय बधिर तो बधिरच राहतो. आपल्या चपलेत खडा गेला तर दोन पावलांत कळतं. माझा पेशंट त्याच खड्यावर दिवसभर चालतो. आधी फोड येतो, मग जखम होते, मग ती हाडाकडे जाते. दुखत नाही, म्हणून तो दवाखान्यात येतही नाही. देवीदास ऑटो चालवायचा. इंजिनची धग त्याच्या पायाला लागत असे आणि त्याला कळत नसे.

उपाय साधा आहे. रोज पाय वीस मिनिटं पाण्यात भिजवायचे, वजरीने घट्टा घासायचा, ओल्या पायाला तेल लावायचं, आम्ही देतो ती मऊ रबराची चप्पल घालायची. आणि दिवसातून एकदा तळपाय उलटा करून नीट पाहायचा. कुठे लाल झालंय का, गरम लागतंय का, काटा रुतलाय का. याला आम्ही सेल्फ केअर म्हणतो. मी हे तीस वर्षं सांगत आले होते. सगळे माना हलवत. आणि सगळे त्याच जागी तीच जखम घेऊन परत येत.

या कामाला मी नोकरी म्हणून आले नव्हते. बाविसाव्या वर्षी, चर्चमध्ये आमच्या मंडळीच्या उपासनेत बसलेली असताना, प्रभू येशू मला याच कामासाठी बोलावतो आहे असं मला अगदी स्वच्छ वाटलं होतं. दवाखान्यात सकाळी सव्वाआठला भक्ती असे. एक गीत, बायबलमधलं एक वचन, प्रार्थना, मग ओपीडी. आळीपाळीने एकेकाने बोलायचं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा भाग यायचा आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायच्या, कारण पायांचं खातं माझं. वर्षानुवर्षं मी त्यावर बोलले. त्या वर्षी मात्र डोकं दुखतंय असं सांगून मी घरी थांबले. त्यानंतर माझी पाळी आली की मी फार्मासिस्टशी अदलाबदल करायचे. हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही अशी माझी समजूत होती.

घरची प्रार्थनाही सुटली होती. ठरवून सोडली नव्हती. वेळ मिळाला की करू, असं म्हणता म्हणता वेळ मिळेनासा झाला.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी देवीदासला भेटायला गेले. तो पलंगावर टेकून बसला होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "सिस्टर, तुमी मनाले लावून नका घेऊ. तुमी सांगतच होत्या. मले माहीत होतं पाय पाहा लागते. पन दिवसभराच्या धावपळीत ध्यानातच येत नव्हतं."

पाय गेलेला माणूस माझी समजूत घालत होता. परतीच्या वाटेवर मी राजीनामा मनात लिहून काढला. दुसऱ्या दिवशी कागदावर उतरवला आणि साळवे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला. "पुढे काय करणार?"

"चर्चमध्ये संडे स्कूल घेईन."

"लेकरं ऐकतील असं वाटतं?"

"डॉक्टर, चेष्टा नको. मी सेवा करायला आले होते. आता नुसती ब्लेड चालवते. जो कोणी मनापासून करील त्याला ही खोली द्या."

समजावतील, वचन ऐकवतील, अशा तयारीने मी बसले होते. तसं काही झालं नाही. ते म्हणाले, "एक महिन्याची नोटीस लागते. चार्ज नीट द्या. तुमच्या कपाटात साखरखेर्ड्याकडची तीन कार्डं उघडी आहेत. एकाच गावची. सात महिने तिघांपैकी कोणी आलेलं नाही. जाऊन पाहून या आणि बंद करा. उघडी कार्डं मी नवीन माणसाच्या गळ्यात घालणार नाही."

कार्ड म्हणजे पेशंटचा कागद. त्यावर पायाचं चित्र छापलेलं असतं, जखम जिथे असेल तिथे आम्ही लाल पेनने खूण करतो. कार्ड बंद करायला तीन कारणं चालतात. पेशंट बरा झाला, गाव सोडून गेला, किंवा वारला. त्या तिघांपैकी कोणी बरं झालं असेल असं मला वाटलं नाही. सुगंधाबाई मजुरीने निंदणाला जायच्या. हबीबचाचा पिंजारी, कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. तिसरे भगवानआबा, वयाने सत्तरीच्या पुढे. तिघं एकाच गाडीने यायचे आणि एकाच गाडीने जायचे. शेवटच्या वेळी काय झालं होतं ते मला चांगलं आठवत होतं. हबीबचाचांची जखम आठ वर्षांत बावीस वेळा उघडली असेल. त्या दिवशी ती पुन्हा उघडलेली पाहून माझा तोल गेला. "दिवसातून एकदा पाय पाहायला वेळ मिळत नाही, तर दिवसभर करता तरी काय?" असं मी भरलेल्या खोलीत ओरडले होते. सुगंधाबाई आणि आबा बाकावर बसून ऐकत होते.

डिसेंबर होता. खामगावहून चिखली, चिखलीहून साखरखेर्डा, तिथून काळी-पिवळी जीपने गाव. पिशवीत ड्रेसिंगचं सामान, बॉलपेन आणि तीन कार्डं. उतरले तेव्हा दुपार झाली होती.

सुगंधाबाईंचं घर आधी लागलं. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला पाहून उठल्या, पदर सावरला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की संकोच, ते मला कळेना.

"सिस्टर, तुमी कशा काय इकडं?"

"तुम्ही येईनात म्हणून आले. पाय दाखवा."

त्यांनी ओट्यावर बसून डावा पाय पुढे केला. मी खाली बसून तळपाय हातात घेतला. मग कार्ड काढून पाहिलं, कारण मला वाटलं मी चुकीचा पाय धरलाय. लाल खूण डाव्याच पायावर होती, करंगळीच्या मुळाशी. त्या जागी आता फक्त फिकट, गुळगुळीत कातडी होती. मी दाबून पाहिलं. खाली पू नव्हता, पोकळी नव्हती. जखम भरून काही महिने झालेले असावेत.

माझा पहिला विचार असा, की नस थोडीफार जागी झाली असेल. तसं सहसा होत नाही, पण खात्री करावी. मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि बॉलपेनचं टोक तळव्याला ठिकठिकाणी टेकवलं. "कळलं की बोट दाखवा." त्यांनी एकदाही बोट दाखवलं नाही. पाय पूर्वीइतकाच बधिर होता.

मग चप्पल पाहिली. तीच जुनी, एका बाजूने झिजलेली. तेल विचारलं. खोबरेल, पूर्वीचंच. वजरी तीच. काम विचारलं. निंदणाला, वेचणीला रोज जात होत्या. बत्तीस प्रश्न विचारूनही काही हाती लागेना. सगळं पूर्वीसारखं, आणि जखम मात्र नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला एखाद्या पायाबद्दल कुतूहल वाटत होतं.

"मग बदललं काय, बाई?"

त्या शेंगांचं सूप हातात घेऊन सांगायला लागल्या तेवढ्यात गावातल्या मशिदीतून दुपारची अजान सुरू झाली. सुगंधाबाई बोलता बोलता थांबल्या. हातातलं सूप बाजूला ठेवलं, उजवा पाय मांडीवर घेतला, तळवा वर करून पाहिला, बोटांच्या बेचक्यांत पाहिलं, हाताची मागची बाजू टाचेपासून बोटांपर्यंत फिरवली. मग डावा. अजान संपायच्या आत त्यांचं झालंही होतं. सूप परत मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "हे पाहा, एवढंच."

गळ्यात तुळशीची माळ असलेली ही बाई. मी विचारलं, "अजानचा आणि तुमच्या पायाचा काय संबंध?"

"मले काय माहीत, सिस्टर. हबीबभाऊनं सांगितलं, बांग झाली का पाय पाहायचा. आवाज तर साऱ्या गावालेच येते. मी शेतात असली तरी येते. मंग पाहून घेते."

"बरं झालं तर मला सांगायला का नाही आलात?"

त्यांनी एक शेंग उचलून सोलली. "तुमी लय चिडल्या व्हत्या त्या दिवशी. गाडीत बसल्यावर आमी ठरवलं, आता जखम भरल्याबिगर सिस्टरले तोंड दाखवायचं नाही. मंग जखम भरली. म्हनलं, भरली तर आता जायाचं काय काम?"

मी कार्डावर लिहायला पेन काढलं आणि तसंच धरून बसले. तीस वर्षं मी त्या खोलीत बसून सगळ्यांची जखम परत येते असं म्हणत होते. ज्यांची परत येत नव्हती, त्यांना माझ्या खोलीत यायचं कारणच नव्हतं. ही इतकी साधी गोष्ट मला तोपर्यंत दिसली नव्हती.

सुगंधाबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही; उन्हं कलल्यावर मी हबीबचाचांकडे गेले. थंडीचे दिवस, रजया भरण्याचा मोसम. मशीन चालू होतं, दाढीवर, भुवयांवर कापसाची भुकटी. मला पाहून त्यांनी मशीन बंद केलं. पायात आमच्या दवाखान्याचीच चप्पल होती, पट्टा तुटलेला, तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा शिवलेला.

"सिस्टर, इतक्या लांब? कोणाला भेजायचं होतं, मी आलो असतो."

पाय पाहिला. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढा जुना वण होता. जखम नव्हती. पेन टेकवलं, त्यांना कळलं नाही. मी म्हटलं, "सुगंधाबाई अजानचं काहीतरी सांगत होत्या."

ते हसले. "सांगतो. जरा बसा, अस्रच्या नमाजची वेळ झाली." आणि खरंच, त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच अजान झाली.

अंगणाच्या कोपऱ्यात एक दगड होता. त्यावर बसून ते वजू करू लागले. वजू म्हणजे नमाजच्या आधी हातपाय-तोंड धुणं. मी खाटेवरून पाहत होते. हात, तोंड, मग पाय. पायावर पाणी ओतून झालं की त्यांनी तो दुसऱ्या गुडघ्यावर ठेवला, तळवा उजेडाकडे फिरवला आणि बोटांच्या मध्ये डोकावून पाहिलं. मी ज्या क्रमाने शिकवते अगदी त्याच क्रमाने. टॉवेलने बेचक्या कोरड्या केल्या, टोपी सारखी केली आणि मशिदीकडे गेले.

चाचींनी चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या. अंगणात मी एकटी राहिले. करायला काही नव्हतं. रजिस्टर नव्हतं, पेशंट नव्हता, पुढच्या माणसाला हाक मारायची नव्हती. तिकडे ते नमाज पढत असतील असा विचार मनात आला आणि मागोमाग दुसरा आला, की मी शेवटची प्रार्थना कधी केली. मला आठवेना.

मी डोळे मिटले. शब्द सुचले नाहीत. भक्तीच्या वेळी वापरतो ते सगळे शब्द मला पाठ होते, पण ते त्या वेळी तोंडात घ्यावेसे वाटले नाहीत. "प्रभू, मी त्यांच्यावर ओरडले," एवढंच म्हटलं. मग देवीदासचं नाव घेतलं. त्याचं नाव घेतल्यावर मला रडू आलं. त्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये यायला हवं होतं ते, महिनाभर उशिरा, एका पिंजाऱ्याच्या अंगणात खाटेवर बसून. चांगलीच रडले. चहावर साय आली. मग इतर नावं येत गेली, एकामागून एक, पाय डोळ्यांसमोर येतील तशी. कोणाला बरं कर असंही म्हटलं नाही. नुसती नावं घेतली.

चाचा परत आले तेव्हा मी तोंड पुसून बसले होते. त्यांना दिसलं असावं. समोर बसून सांगू लागले.

"तुम्ही त्या दिवशी विचारलं होतं, दिवसभर करता तरी काय. लई लागलं, सिस्टर. खरं सांगतो, गाडीत रागच होता. संध्याकाळी घरी आलो, मगरिबच्या नमाजची वजू करायला बसलो. जखमेवर पट्टी असली की पायाला पाणी लावत नाहीत, वरून ओला हात फिरवतात. तसा हात फिरवला आणि मनात आलं, हे आपण दिवसातून पाच वेळा करतो. पाच वेळा पायापाशी येतो. आणि म्हणतो, वेळ नाही. हात फिरवतो पण पाहत नाही. मग जवाब मिळाला तुमच्या सवालाचा."

"आणि सुगंधाबाई?"

"तिने विचारलं, पाय कसा काय सुधारला. मी सांगितलं. ती म्हणे, मी कुठं नमाज पढते. म्हटलं, नको पढू. बांग तर ऐकू येते ना." ते आपल्या पायाकडे पाहत म्हणाले, "आठ वर्षं पट्टीवर ओला हात फिरवला. आता धुतो. पाणी लागलेलं कळत नाही, पण दिसतं."

मी त्यांची माफी मागितली. भरलेल्या खोलीत बोलायला नको होतं, म्हटलं. त्यांनी हात हलवला. "तुम्ही बोलल्या नसत्या तर मी अजून पट्टीवर हात फिरवत असतो." मग म्हणाले, "पण सगळ्यांसमोर नका बोलू. दुसरा कोणी असता तर त्याने दवाखानाच सोडला असता." मी ते ऐकून घेतलं. बरोबर होतं.

भगवानआबांच्या घरी जाताना मला जवळजवळ खात्री होती, की त्यांचाही पाय बरा असणार. तो नव्हता. टाचेला जखम होती, लहान, कडा कडक झालेल्या. मी चक्रावले. गाव तेच, मशीद तीच, आवाज तोच. आबांना विचारलं, "अजान झाली की पाय पाहता का?"

आबा म्हणाले, "आं?"

त्यांची सून रेखा दारातून म्हणाली, "जोरात बोला, सिस्टर. दोन वर्षं झाली, ऐकू येतच नाही त्यांना."

मला हसूही आलं आणि आत काहीतरी पक्कंही झालं. तेल, वजरी, चप्पल तिघांची सारखी होती. ज्या दोघांना रोज कोणीतरी हाक मारून आठवण देत होतं त्यांच्या जखमा भरल्या होत्या. ज्याला हाक ऐकू येत नव्हती त्याची उघडी होती. देवीदासने पलंगावर बसून मला हेच सांगितलं होतं. ध्यानातच येत नव्हतं, असं म्हणाला होता. मी ते सबब समजून सोडून दिलं होतं.

मी टाच साफ केली. कडा तासताना माझा हात पहिल्यासारखा चालत होता, पण या वेळी मी त्या माणसाकडे पाहत होते. ड्रेसिंग करता करता रेखाला विचारलं, "आबा चहा किती वेळा घेतात?"

"दोनदा. तिसऱ्यांदा मागतात, मी देत नाही."

"उद्यापासून तळपाय दाखवल्याशिवाय चहा द्यायचा नाही. तू पाहायचं. लाल, गरम, काटा. मगच कप हातात."

तिने ते आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. आबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "चहाले पायाचं काय काम?"

"तिसरा कपही मिळेल," मी ओरडून सांगितलं. रेखाने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कार्डं साळवे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "दोन बंद. बरे झाले म्हणून. एक उघडं आहे."

त्यांनी दोन्ही कार्डं उलटसुलट करून पाहिली. "बरे झाले? नक्की?"

मी सगळं सांगितलं. ते मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहिले, सेन्सेशन तपासलं का, चप्पल कुठली, काम किती. शेवटी म्हणाले, "हे उघडं कार्ड कोणाकडे देऊ?"

"माझ्याकडेच राहू द्या."

त्यांनी ड्रॉवरमधून माझा राजीनामा काढून मला दिला. तो त्यांनी दवाखान्याच्या कमिटीकडे पाठवलाच नव्हता. वर म्हणाले, "आणि सकाळच्या भक्तीची आपली पाळी आपण घ्या. फार्मासिस्टकडचे विषय संपलेत." म्हणजे त्यांच्या लक्षात आलेलं होतं.

एका दिवसात मी पूर्वीची झाले असं नाही. पुढच्या आठवड्यातही काही सकाळी दवाखान्याच्या फाटकाशी पाय जड व्हायचे. पण कपाटातली बंद आणि अर्धवट कार्डं काढून मी महिन्यातून दोन दिवस गावांकडे जायला लागले. काही पेशंट वारले होते. काहींच्या जखमा आधीपेक्षा वाईट होत्या. आणि काही जण बरे होऊन आपापल्या कामाला लागले होते, वर्षानुवर्षं, मला न सांगता. त्यांच्याकडे चहा घेऊन आल्यावर ड्रेसिंग रूममधला सोमवार जरा सोपा जायचा. पहिल्या भक्तीला मी तेच सांगितलं, की प्रभूचं काम माझ्या खोलीच्या बाहेरही चालू होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. फार बोलले नाही.

देवीदासला पुढे कृत्रिम पाय बसला. ऑटो त्याने भावाला दिला आणि स्वतः पिठाची गिरणी चालवायला घेतली. उरलेला पाय तो गिरणी सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर पाहतो. आबांची टाच भरायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत त्यांनी सुनेशी दोनदा अबोला धरला.

मी शिकवण्याची पद्धत बदलली. पूर्वी सांगायचे, रोज एकदा पाय पाहा. त्यानंतर आधी विचारू लागले, तुम्ही रोज न चुकता काय करता. कोणी दूध काढतं, कोणी दुकानाचं शटर उघडतं, कोणी देवापुढे दिवा लावतं. पाय पाहणं त्याला बांधून द्यायचं. सगळ्यांना जमतं असं नाही. पुष्कळांना जमतं.

निवृत्त होण्याआधी नवीन मुली ट्रेनिंगला यायच्या. त्यांना मी एकच गोष्ट परत परत सांगत असे. पेशंटला "पाय पाहता का?" असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. "केव्हा पाहता?" असं विचारा. जो लगेच सांगतो तो पाहतो. जो आठवू लागतो तो पाहत नाही. त्या वर्षी मला कोणी माझ्या प्रार्थनेबद्दल हाच प्रश्न विचारला असता, तर मीही आठवतच बसले असते.